पाणी कशात साठवता?

डाव्या छातीत गाठ आहे हे मला सच्याच्या गुडघ्यामुळे कळलं.

आमच्या लालबागच्या गोविंदा पथकाचा सराव चालू होता. मी दुसऱ्या थरात होतो. सच्या माझा बालवाडीपासूनचा मित्र. तो माझ्या अंगावरून वर चढताना त्याचा गुडघा छातीला टेकला आणि मी एवढा कळवळलो की माझे हात सुटले. वरची पोरं खालच्यांच्या अंगावर कोसळली. कुणाला लागलं नाही, सगळे हसतच उठले.

"पोरीसारखा काय किंचाळतोस रे?" सच्या म्हणाला.

त्याला काहीच माहीत नव्हतं. तसं मलाही नव्हतं. घरी येऊन मोरीचं दार लावलं, शर्ट काढला आणि चाचपून पाहिलं. स्तनाग्राच्या मागे सुपारीएवढं काहीतरी होतं. दाबलं की दुखायचं. उजव्या बाजूलाही होतं, जरा लहान.

त्या दिवसापासून मी दिवसातून वीस-वीस वेळा दाबून बघायचो. हे वाचणाऱ्या कुणाला अशी गाठ लागली असेल तर पहिली गोष्ट सांगतो, सारखं दाबू नका. दाबून ती जात नाही, फक्त आणखी दुखते. आणि दुसरी गोष्ट, माझ्यासारखे तीन महिने घालवू नका.

मी एसवायबीएस्सीला आहे, विषय केमिस्ट्री. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे घरात कुणालाही काही अडलं, विजेच्या बिलापासून गोळ्यांच्या पाकिटापर्यंत, की ते माझ्याकडे वाचायला येतं. मला अडलं तेव्हा मात्र कुणाकडे जायचं ते कळेना. मोबाइलवर मराठीत शोधलं तर तेलाच्या आणि चूर्णाच्या जाहिराती आल्या, 'सात दिवसांत मर्दानी छाती'. इंग्रजीत शोधलं तर कॅन्सर आला. एक-दोन लेख बरे वाटले, पण ते उघडायला पैसे मागत होते. मी मोबाइल उशीखाली सारला आणि दुसऱ्या दिवसापासून शर्टाच्या आत क्रेप बँडेज गुंडाळून कॉलेजला जायला लागलो.

&nbsp;

बँडेज आईला सापडलं. आई हिंदमाताच्या दुकानांसाठी घरी साड्यांना फॉल लावते. त्या दिवशी ती कपडे धुवायला बसली होती.

"ह्या खय बांधतस?" तिने विचारलं. आई आमच्याशी मालवणीच बोलते. "पाय तर बरो आसा तुझो."

मी म्हटलं, सरावाला लागतं.

"झिला, खोटा बोलू नको. काय ता माका सांग. मी काय पेपरात देतलंय?"

मी शर्ट वर केला. तिने बोट लावलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग हातातला साबण धुतला, पदराला हात पुसले, परत धुतले. "पप्पांका सांगूक होया," एवढंच म्हणाली.

पप्पा शिवडीला एका गोदामात कामाला आहेत. आधी हमाल होते, आता मुकादम. शिक्षण आठवी. मला वाटलं होतं, ऐकून ते चिडतील. पण त्यांनी एकच विचारलं, "दुखतं का?" आणि दुसऱ्या दिवशी खाडा करून माझ्याबरोबर परळच्या हॉस्पिटलात आले.

&nbsp;

केसपेपर, मग रांग, मग पडदा. पडद्याआड मोठे डॉक्टर आणि त्यांच्याभोवती सात-आठ शिकाऊ डॉक्टर. मोठ्या डॉक्टरांनी गाठ दाबली आणि मुलांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. प्रत्येकाने येऊन दाबून बघितलं. त्यात दोन मुली होत्या, माझ्याच वयाच्या. मी छताकडे बघत होतो. मला सोडून सगळ्यांना माझ्याबद्दल काहीतरी कळत होतं. केसपेपरवरचा शब्द मी बाहेर आल्यावर तळहातावर उतरवून घेतला. गायनेकोमास्टिया. म्हणजे पुरुषाच्या छातीत स्तनाची गाठ वाढणं.

खाली दोन तपासण्या लिहिल्या होत्या. सोनोग्राफी आणि सुई, म्हणजे सुई टोचून गाठीतला नमुना काढणं.

सोनोग्राफीच्या बाकांवर सगळ्या बायका होत्या. दारातल्या मावशींनी हात आडवा केला.

"जेन्ट्स बाहेर थांबा. पेशंटला आत पाठवा."

"मीच पेशंट आहे."

त्यांनी कागद बघितला, मला बघितलं, परत कागद बघितला. बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. पप्पा दाराबाहेरच थांबले. मी कुठे उभं राहावं या विचारात होतो, तेवढ्यात भिंतीकडच्या एका बाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारची जागा थोपटली.

"ये रे, बस. कुणी खात नाही तुला इथे."

त्या शीव कोळीवाड्याच्या होत्या. त्यांची दुसरी वेळ होती. पहिली गाठ काढून चार वर्षं झाली म्हणाल्या. "आत ते जेल लावतात ना, ते बर्फासारखं गार असतं. दचकू नको. मी पहिल्यांदा एवढी दचकले की ती डॉक्टरीणच घाबरली." आणि स्वतःच हसल्या. त्यांचा नंबर माझ्या आधी लागला. त्यांना काय सांगितलं ते मला कळलं नाही. बाहेर येताना त्यांनी माझ्या डोक्यावर नुसता हात ठेवला आणि गेल्या. त्यांची आठवण मला अजून येते. नावही विचारलं नाही मी.

सुई त्याच दिवशी टोचली. तिचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागतील असं सांगितलं होतं. ते आठ दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. वहीत प्रॅक्टिकलची आकडेमोड करायचो आणि उत्तर आल्यावर प्रश्नच आठवायचा नाही. घरात बसवत नव्हतं म्हणून चालत दादरपर्यंत जायचो, तिथेही उभं राहवायचं नाही, परत फिरायचो. आई जेवायला वाढून माझ्या ताटाकडे बघत बसायची. ती बघते म्हणून घास उतरायचा नाही, आणि उतरत नाही म्हणून ती आणखी बघायची. शेवटी एकदा ओरडलो तिच्यावर. त्याची लाज अजून वाटते.

त्याच आठवड्यात सच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग आधी का नाय बोललास? मी दुसऱ्या बाजूने चढलो असतो ना."

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पप्पा "चला" म्हणाले आणि इतक्या भरभर चालायला लागले की मी मागे पडलो. नाक्यावर पोहोचलो तेव्हा ते एका बंद दुकानाकडे तोंड करून उभे होते आणि रुमालाने चेहरा पुसत होते.

&nbsp;

इथे सगळं संपायला हवं होतं. पण मला चैन पडेना. झालं कशामुळे?

हार्मोनच्या ओपीडीत रक्त तपासलं. दोन आकडे जरा वरखाली निघाले. जिमची पावडर घेतोस का, कसल्या गोळ्या, कसलं तेल? सगळ्याला नाही. "तुझ्या वयाच्या बऱ्याच मुलांना होतं आणि आपोआप जातंही. कधी कारण सापडतं, कधी नाही," डॉक्टर म्हणाले आणि मला तिसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या खोलीत पाठवलं. तिथे एक अभ्यास चालू होता.

तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघून, मराठीत, सगळं समजावून सांगितलं. "हार्मोनला काम करायला शरीरात ठरलेली जागा लागते," त्या म्हणाल्या. "काही रसायनं जाऊन त्याच जागेवर बसतात. काहींमुळे हार्मोन तयारच कमी होतो. प्लास्टिक मऊ करायला वापरतात त्यातली काही अशी आहेत. तुला त्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. ते आम्हालाच शोधायचंय. त्यासाठी तुझी लघवी तपासायची आणि थोडे प्रश्न विचारायचे. निकाल तुला सांगू. तो तुझा हक्क आहे."

हक्क हा शब्द ऐकून मला कॉलेजचं एफसीचं, म्हणजे फाउंडेशन कोर्सचं, पुस्तक आठवलं. मानवी हक्कांच्या धड्यात एक ओळ आहे, विज्ञानाच्या प्रगतीत आणि तिच्या फायद्यात प्रत्येकाला वाटा मिळण्याचा हक्क. चार मार्कांसाठी पाठ केली होती. ती ओळ माझ्यासारख्याबद्दल असेल असं वाटलं नव्हतं.

बाई फॉर्मवरचे प्रश्न वाचायला लागल्या आणि उत्तरं पप्पा द्यायला लागले. गरम जेवण प्लास्टिकमध्ये आणता का? क्वचित. अंगाला सुगंधी फवारा? कॉलेजला जाताना मारतो.

"पाणी कशात साठवता?"

"ड्रम आहे."

"नवीन घेतलेला, की आधी कशासाठी वापरलेला?"

"नवीन," पप्पा म्हणाले. "दुकानातून घेतला."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते. बाईंनी खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला. मी काही बोललो नाही.

ड्रम दुकानातून घेतलेला नाही. आमच्या चाळीत पाणी सकाळी दीड तास येतं, म्हणून प्रत्येक दारासमोर गॅलरीत ड्रम असतो. आमचा निळा ड्रम पप्पांनी शिवडीच्या गोदामातून आणलेला. रेक्झिन मऊ करायला वापरतात तो तेलकट द्रव त्यातून यायचा. रिकामे ड्रम गोदामात पडून असायचे, शेठ तोंडी म्हणाला होता की न्या. पप्पांनी सोड्याच्या गरम पाण्याने घासून तीन दिवस गच्चीत उन्हात ठेवला होता. आंघोळ, भांडी, स्वयंपाक सगळं त्याच पाण्यावर, पिण्याची कळशीही त्यातूनच भरायची. मग मजल्यावरच्या लोकांनी मागितले आणि पप्पांनी शेजारच्या परब काकी धरून आणखी पाच घरांना आणून दिले. एक पैसा न घेता. आमच्या मजल्यावर पप्पांना जो मान आहे त्यात त्या ड्रमांचा वाटा मोठा आहे.

आणि खोटं का बोलले? त्यांना कुणाला फसवायचं नव्हतं. आमच्याकडे टेबलामागच्या माणसाने काही विचारलं की चांगलंच उत्तर द्यायचं असतं. शाळेच्या फॉर्मवर आम्ही घरात संडास आहे असं लिहिलं होतं, तो मजल्याच्या टोकाला आहे. रोज दूध घेता का याला हो म्हटलं होतं. कागदावरचं आमचं घर खऱ्या घरापेक्षा नेहमी बरं असतं. मीही असंच करतो, म्हणून तर गप्प बसलो.

&nbsp;

महिन्याभराने बाईंनी बोलावलं. मी एकटाच गेलो.

"एका रसायनाचं प्रमाण तुझ्यात इतरांपेक्षा बरंच जास्त आलंय," त्या म्हणाल्या. "दोनदा तपासलं. पण तुझ्या उत्तरांत कारण कुठेच दिसत नाही. कदाचित नमुना घेताना काही मिसळलं असेल. कदाचित हा आकडा बाजूलाच ठेवावा लागेल. तुला काही आठवतंय का?"

मी म्हटलं, नाही.

जिन्याने खाली आलो. पुन्हा अर्धा जिना वर गेलो. परत खाली आलो. माझ्या शरीरातून निघालेला खरा आकडा चूक म्हणून टाकून देणार होते, कारण माझ्या घराबद्दलचं उत्तर खोटं होतं. आणि ते मी दोनदा खोटं ठेवलं होतं. एकदा पप्पांच्या मागे लपून, एकदा स्वतः.

संध्याकाळी पप्पा चहा घेत होते तेव्हा मी विषय काढला.

"ड्रमचं सांगायला हवं, पप्पा."

"कोणाला?"

"बाईंना. आणि लोकांना पण."

"सांगून काय होणार? गाठ जाणार आहे?" त्यांनी कप खाली ठेवला. "उद्या गोदामात विचारायला आले तर? शेठ म्हणेल, मी कधी दिले? आणि ही पाच घरं? त्यांना काय सांगू, मी तुम्हाला विष दिलं?"

"परब काकींची नात दोन वर्षांची आहे. तिला रोज त्याच पाण्याने आंघोळ घालतात."

"तुला नक्की माहिती आहे, ड्रममुळेच झालं?"

"नाही."

"मग?"

आई फॉल लावता लावता थांबली होती, पण ती कुणाच्याच बाजूने बोलली नाही. तिच्याही अंगात तेच पाणी होतं. हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा आला आणि त्यानंतर डोक्यातून गेलाच नाही. अभ्यासाला बसलो की दारातून ड्रम दिसायचा. तोंड धुताना हात थांबायचा. काकींच्या घरातून नातीचा आंघोळीचा ओरडा ऐकू यायचा आणि मी उठून गच्चीत जायचो.

चार दिवसांनी परत तिसऱ्या मजल्यावर गेलो. बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावतील, अभ्यासातून काढतील असं वाटलं होतं. त्यांनी फॉर्म काढला, ते उत्तर एका रेघेने खोडलं, बाजूला खरं लिहिलं आणि मला तिथे सही करायला सांगितली.

"असे ड्रम आणखी किती घरांत आहेत?"

"पाच."

"त्यांना माहीत आहे?"

मी मान खाली घातली.

"मी त्यांना सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "तुझी माहिती गुप्त ठेवायला मी बांधलेली आहे. तू सांगू शकतोस. पण ड्रममुळे आजार झाला असं म्हणू नकोस, ते आपल्याला माहीत नाही. त्यात काय होतं ते सांग. यामुळे असू शकतं, म्हणून पाणी दुसऱ्या कशात भरा, एवढं सांग. कुणाला तपासून घ्यायचं असेल तर माझ्याकडे पाठव."

येताना एफसीची ती ओळ परत आठवली, पण या वेळी वेगळीच बोचली. मला कुणी काही सांगत नाही म्हणून मी किती दिवस चरफडत होतो. आता पाच घरांना काहीतरी कळायला हवं होतं आणि ते न सांगणारा मीच होतो. नक्की कळेपर्यंत थांबू, हे पप्पांचं म्हणणं वरून बरोबर वाटतं. पण नक्की कळायला किती वर्षं लागतील हे बाईंनाही माहीत नाही, आणि ती नात आंघोळ आज करते.

घरी येऊन मी पप्पांना सांगितलं की फॉर्म दुरुस्त केला. तुम्ही सांगणार नसाल तर रविवारी मी घरोघर जाऊन सांगेन. पप्पांशी असं मी आयुष्यात बोललो नव्हतो. ते उठून गॅलरीत गेले.

&nbsp;

आता माझं सांगतो, कारण वाचणाऱ्याला तेच जास्त हवं असेल. उजवीकडची गाठ गेली. डावीकडची निम्म्याहून कमी झाली आहे. गोळ्या चालू आहेत. पूर्ण गेली नाही तर छोटं ऑपरेशन करू असं डॉक्टर म्हणतात, घाई नाही. ती गोळ्यांनी कमी झाली, वयाने की पाणी बदललं म्हणून, हे कुणीच सांगू शकत नाही. बाईंनाही विचारलं, त्या नाही म्हणाल्या. मला हे 'नाही' पडद्याआडच्या डॉक्टरांनी काहीच न सांगण्यापेक्षा बरं वाटतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना विचारा, परत विचारा, मराठीत सांगा म्हणा. आणि त्यांनी काही विचारलं तर घर जसं आहे तसं सांगा. मला ते जमायला फार वेळ लागला.

पप्पांचं सांगायचं राहिलं.

त्या रविवारच्या आदल्या दिवशीची, शनिवारची सकाळ होती. पाणी यायची वेळ, सगळ्या मजल्याची धावपळ चालू. नळाला पाईप लागले होते. पप्पांनी आमचा ड्रम आडवा केला. रात्रीचं उरलेलं पाणी गॅलरीतून खाली वाहून गेलं. मी आतून बाहेर आलो. परब काकी त्यांच्या दारात उभ्या होत्या, कडेवर नात, आणि त्यांच्या ड्रममध्ये पाईप सोडलेला.

"काय ओ भावजी, गळता काय ड्रम?" काकींनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मीही काही बोललो नाही. या वेळी मी लपत नव्हतो. उत्तर त्यांचं होतं.

"नाय ओ वयनी," पप्पा म्हणाले. "गळत नाय."

"मगे?"

"ह्यात आधी काय होता, ता मी तुमका कधी सांगूक नाय. तुमच्या ड्रमात पण ताच होता. आता सांगतंय, पण आधी पाणी बंद करा."

काकींना काही कळलं नाही. पाणी चढत होतं. पप्पा स्वतःच पुढे झाले, त्यांच्या ड्रममधला पाईप बाहेर काढला आणि तो तसाच हातात धरून बोलायला लागले. पाणी त्यांच्या पायांवर पडत होतं.